वाणात वाटलेली चित्रे

२०१४च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, हैदराबादेत जामबागेतल्या एका घरी हळदीकुंकू झाले. त्यात वाण म्हणून सीडी वाटण्यात आल्या. सीडीत रबरी शिक्क्यांवरून स्कॅन केलेली चित्रे होती. त्यांतली काही चित्रे जिने काढली होती ती बाई त्याच खोलीत सतरंजीवर बसलेली होती. चित्रे वाटायची परवानगी तिच्याकडे कोणी मागितली नव्हती. तिच्याही हातात एक सीडी देण्यात आली.

मी तिच्या शेजारी बसले होते. पुढे लिहिले आहे ते मी स्वतः पाहिलेले, ऐकलेले किंवा संबंधितांकडून पडताळून घेतलेले आहे. पडताळता आले नाही ते वगळले आहे.

आमचे कागदकामाचे एक मंडळ होते. जामबागेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या खोलीत आम्ही महिन्यातून एकदा जमायचो आणि कार्डे करायचो. लग्नाची, बारशाची, दिवाळीची. सभासद बहुतेक जुन्या शहरी घरांतल्या. कोणाचे सासरे निजामाच्या काळात तहसीलदार, कोणाचा नवरा सचिवालयात, कोणाचा कोर्टात. घरात मराठी, बाजारात दखनी आणि कामवालीशी तेलुगू, अशी भाषेची वाटणी सगळ्यांकडे सारखीच. मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. त्यामुळे मला तिथे ‘पेपरवाल्या’ म्हणत.

कार्डांसाठी शिक्के लागतात. रबरावर चित्र कोरलेले असते, ते लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेले असते. शाईच्या पॅडवर दाबायचे, कागदावर उठवायचे, मग आत रंग भरायचे. चांगले शिक्के अमेरिकेहून यायचे, कोणाची तरी मुलगी सुटीत घेऊन यायची. एकीला सगळे घेणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही ते एका पत्र्याच्या डब्यात एकत्र केले होते. डबा महिनाभर एकीच्या घरी राहायचा आणि मग पुढच्या घरी जायचा. ताब्यात घेणारीने सगळ्यांसमोर मंडळाचा नियम मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत पडली होती.

नियम मी लिहिला होता. परदेशी पाकिटांच्या मागे जे छापलेले असायचे त्यावरूनच. शिक्का हाताने उठवावा. उठवलेले कार्ड कोणाला द्यावे, विकावे, हरकत नाही. पण उठवलेल्या चित्राची झेरॉक्स किंवा स्कॅन काढू नये आणि तशी प्रत दुसऱ्याला देऊ नये. कारण साधे होते. शिक्का विकत घेतला म्हणजे चित्र विकत घेतले असे होत नाही. चित्र काढणाऱ्याचे असते. त्यासाठी त्याला कुठे नोंदणी करावी लागत नाही. काढले त्या क्षणापासून ते त्याचे असते, आणि त्याच्या प्रती कोणी करायच्या हे तो ठरवतो.

हा नियम वाचताना हसू यायचे. “वाचा, वाचा, शपथविधी चालू द्या,” असे कोणीतरी म्हणायचे. वाचला मात्र दर वेळी जायचा. डिसेंबरात डबा एका वकिलांच्या घरी गेला. घरच्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, मंडळ त्यांनीच सुरू केलेले. वहिनींनी चष्मा लावून नियम वाचला आणि डबा नेला. तेव्हा मी समोर होते.

आता चित्रे काढणारीबद्दल. ती काचीगुड्याच्या बाजूला राहायची आणि एका शाळेत चित्रकला शिकवायची. मंडळात तिला ‘टीचर’ म्हणत. तिचे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथेच राहिले. घर बौद्ध. हे मंडळात सगळ्यांना माहीत होते. कोणी तिच्यासमोर बोलत नसे, आणि ती नसताना बोलल्याशिवाय राहत नसे. ती मंडळात नवी होती, मीच तिला आणले होते.

ती शाईने रेखाचित्रे काढायची. मोठ्या खडकावर चढलेली शेळी. सीताफळांची टोपली. विजेच्या तारेत अडकलेला पतंग आणि खाली मान वर करून उभा असलेला टपालवाला. आणि एक बाई. जिन्याच्या पायरीवर बसलेली, चष्मा, मांडीवर उघडे पुस्तक, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. ही तिची आई होती. आई चाळिशीनंतर मुलीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकली आणि तेव्हापासून दुपारी रेल्वे क्वार्टरच्या जिन्यात बसून वाचायची. चित्रातल्या बाईच्या कपाळावर कुंकू नव्हते, कारण आई लावत नव्हती.

या चित्रांचे शिक्के नामपल्लीच्या एका दुकानात तयार झाले. दुकान सरकारी शिक्क्यांचे होते. गोल मोहरा, तारखेचे शिक्के, ‘खरी प्रत’. टीचरबरोबर मी गेले होते. दुकानदाराने चित्रे उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “अभीच बना लो अम्मा. नवा राज आया तो सब दफ्तरां के ठप्पे मेरेकूच बनाने पड़ते. फिर शेळीबिळी के वास्ते फुरसत नई.” वेगळे राज्य होणार, हे तेव्हा जाहीर झालेले होते. ‘शेळी’ हा शब्द त्याने आमच्याकडून त्याच दुपारी उचलला होता. शिक्के आठवड्यात मिळाले आणि स्वच्छ उठले.

पुण्याच्या एका कंपनीने ही चित्रे पाहिली होती. कंपनी हस्तकलेचे सामान विकायची, आणि आता देशी चित्रांचे शिक्के काढायचे त्यांच्या मनात होते. चित्रे त्यांना आवडली. संच निघणार होता, पाकिटावर टीचरचे नाव छापले जाणार होते, आणि मुखपृष्ठावर पुस्तक वाचणारी बाई असणार होती. अट एकच होती. ही चित्रे त्याआधी फाइलच्या रूपात कुठे वाटलेली नसावीत. हाताने उठवलेली कार्डे चालतील. फाइल फिरली असेल तर लोक शिक्का कशाला घेतील, असे कंपनीच्या माणसाने तिला फोनवर सांगितले होते.

ही अट तिने मंडळात सगळ्यांना सांगितली. नोव्हेंबरच्या बैठकीत तिने आपले शिक्के डब्यात ठेवले, उठवून बघा, कुठे शाई धरत नाही ते सांगा, म्हणून. आणि म्हणाली, “हात लावा, रंगवा, काय करायचं ते करा. फक्त स्कॅन नका करू. माझा संच जाईल.”

“हौ हौ, समजलं,” वहिनी म्हणाल्या होत्या. “आम्ही काय चोर आहोत का?”

सगळ्या हसल्या होत्या. टीचरही.

वहिनींच्या हळदीकुंकवाला ती जाणार नव्हती. पण डबा त्याच दिवशी पुढच्या घरी जायचा होता, बैठक तिथेच होईल असा निरोप होता, आणि पुढचे घर माझे होते. मी तिला म्हटले, चल, डबा घेऊ आणि निघू. म्हणून ती आली.

त्या दिवसांत राज्याच्या विभाजनाचे विधेयक विधानसभेत होते आणि कामकाज रोज गोंधळात बंद पडत होते. वकिलांच्या दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. ते स्वतः आरामखुर्चीत होते, आजूबाजूला आलेल्या बायकांपैकी दोघीतिघींचे नवरे. बायका आतल्या खोलीत. दार उघडे असल्यामुळे सगळे ऐकू येत होते. “आमच्या नोकऱ्या, आमचं पाणी, आमच्या जमिनी,” वकीलसाहेब सांगत होते, “इतकी वर्षं त्या किनाऱ्याकडच्यांनी वापरलं आणि नाव कोणाचं? त्यांचं. आता हिसाब होऊ द्या.” कोणीतरी “बरोबर आहे साहेब” म्हटले.

वहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन रांगेतून आल्या. टीचरपाशी थांबल्या. ती म्हणाली, “मला तिळगूळ तेवढा द्या, वहिनी.”

“माहितेय ना मला,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यात नसतं.”

मग वाण. दर वर्षी वाण बेगम बाजारातून येत असे. डझनावारी घेतलेल्या स्टीलच्या वाट्या, गाळण्या, प्लास्टिकचे डबे. ज्या घरी दिले त्या घरी तसलेच चार पडलेले असत. या वर्षी वहिनींनी काहीतरी वेगळे केले होते. पारदर्शक पाकिटात सीडी, वर छापील कागद, ‘कागदकाम मंडळाची संक्रांत भेट’. आत डब्यातल्या सगळ्या शिक्क्यांची चित्रे, अमेरिकनसुद्धा. कोठीजवळच्या एका दुकानात स्कॅन करून घेतली, असे त्यांनी उत्साहाने सांगितले. “आता डब्याची वाट बघत बसायला नको. घरी प्रिंट काढा, रंगवा. नातींना द्या.”

वाण नाकारत नाहीत. पदराआड देतात, पदरात घेतात. वहिनींनी टीचरच्या हातात पाकीट ठेवले आणि तिच्या बोटांना त्यांच्या बोटांवरची हळद लागली. तिने पाकिटावरचा कागद वाचला. मी पण वाचला. तिने विचारले, “माझी पण आहेत यात?”

“तुमचीच तर सगळ्यात छान आलीत,” वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. आम्ही डबा न घेताच निघालो.

सीडी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावली. चित्रे क्रमाने होती. शेळी होती, टोपली होती. टीचरने प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही केली होती, ती शिक्क्यातही उठत असे. स्कॅनमध्ये सहीच्या जागी पांढरी चौकट होती. पांढऱ्या शाईने झाकलेली असावी. खाली मंडळाचे नाव टाइप केलेले होते.

पुढचे चित्र पायरीवरच्या बाईचे होते. तिच्या कपाळावर लाल गोल टिकली काढलेली होती. स्केचपेन होते. कागदाने शाई ओढली होती आणि टिकलीच्या कडा भुवयांपर्यंत पसरल्या होत्या. नाकाच्या एका बाजूला नथ काढली होती, ती गालावर आली होती. दोन्ही हातांत बांगड्यांच्या रेघा होत्या, पुस्तकाच्या पानांवरूनही गेलेल्या. चित्राला फाइलचे नाव होते, ‘सवाष्ण’.

ते पडद्यावर बघताना मला किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. राग आला असता तर राग लिहिले असते. कोणाच्या तरी उष्ट्या ताटात आपल्याला जेवायला वाढावे, तसे वाटले. मी सीडी बाहेर काढली. तिच्यावर तिळगुळाचा चिकटा होता.

टीचरनेही ते पाहिले होते, आणि आईला दाखवलेही होते. आईने चष्मा पुसून बघितले आणि विचारले, ही कोण. मग म्हणाली, “नथ द्यायची तर खरी तरी द्यायची होती.” हे टीचरने मला फोनवर सांगितले. सांगताना ती हसली नाही.

तिने वहिनींना फोन केला. वहिनी म्हणाल्या, समक्ष बोलू. म्हणून फेब्रुवारीत वाचनालयाच्या खोलीत बैठक झाली. विधेयक तोवर दिल्लीला गेले होते. बैठकीला जवळजवळ सगळ्या आल्या होत्या. वकीलसाहेबही आले, “कायद्याची बाजू सांगायला” म्हणून.

टीचरची मागणी तीन वाक्यांची होती. सीडी परत द्याव्यात. ज्यांनी चित्रे पुढे पाठवली असतील त्यांनी ती काढून टाकायला सांगावे. आणि हे माझ्या परवानगीशिवाय झाले, असे मंडळाने कंपनीला कळवावे. तिसरी गोष्ट तिला सगळ्यात महत्त्वाची होती. कंपनीने सांगितले होते की चूक दुसऱ्याची असेल आणि तो ती मान्य करत असेल, तर संच होऊ शकतो.

“म्हणजे मी माफीनामा लिहून देऊ?” वहिनी म्हणाल्या. “हळदीकुंकवाबद्दल?”

“हळदीकुंकवाबद्दल नाही वहिनी. चित्राबद्दल.”

“चित्र दिलं म्हणजे काय झालं? तुमचं चित्र गेलं का कुठे? आहे ना तुमच्याकडे?”

“अहो, माझी सीडी तर लागतच नाही,” मागून एकीने सांगितले. “कॉम्प्युटरचा ड्राइव्हच बिघडलाय. मी आमच्या जाऊबाईंना दिली.” त्यावर हशा झाला. जाऊबाई बडोद्याला होत्या. त्यांनी चित्रे फोनवर सगळ्या माहेरच्यांना पाठवली होती, हे त्या बाईंनी अभिमानाने सांगितले. दुसरीच्या बहिणीने परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाला दिली होती. तिसरीच्या भाचीने ती इंटरनेटवर कार्ड करणाऱ्यांच्या एका पानावर टाकली होती, ‘संक्रांतीची फुकट चित्रे’ म्हणून, आणि तिथे खूप कौतुक झाले होते. हे एकेक जणी सांगत होत्या, आणि आपण काही कबूल करतो आहोत असे कोणाला वाटत नव्हते.

मी विचारले, “आणि कुंकू? ते कोणी काढलं?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला नाही. “मग काय करू? वाणात द्यायचं चित्र. मोकळ्या कपाळाची बाई सवाष्णींच्या ओटीत घालतात का कोणी? मला बघवेना ते. मी उलट चांगलं केलं. सवाष्ण केली तिला.”

“माझे वडील आहेत, वहिनी,” टीचर म्हणाली.



“मग तुमची आई लावत का नाही?” वहिनींनी विचारले. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

“लावत नाही.”

“बघा, आता मला काय माहीत. मला वाटलं...” त्यांनी वाक्य सोडून दिले आणि चहाचे काय झाले ते विचारले.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. त्यांचे म्हणणे असे होते की खासगी वापराला कायद्यात सूट आहे. मी म्हटले, आहे, स्वतःच्या वापराला. प्रती काढून वाटायला नाही. ते म्हणाले, वाटप कसले, ओळखीच्या बायकांना दिले. शिवाय, त्यांनी बोट वर केले, धार्मिक समारंभालाही कायद्यात सूट आहे. हळदीकुंकू धार्मिक समारंभ आहे की नाही?

ही सूट कायद्यात आहे. मी ती नंतर पुस्तकात पाहिली. ती समारंभात गाणे वाजवण्याबद्दल आणि सादर करण्याबद्दल आहे. चित्राच्या प्रती काढण्याशी तिचा संबंध नाही. बैठकीत मला ते तोंडपाठ नव्हते. मी इतकेच म्हटले की कुंकू काढायलाही सूट आहे का.

“पेपरवाल्या बाई,” ते म्हणाले, “तुम्ही याला वेगळा रंग देऊ नका. शहरात आधीच तणाव आहे.”

“रंग वहिनींनी दिला,” टीचर म्हणाली.

एकदोघी हसल्या आणि लगेच थांबल्या. वकीलसाहेबांनी तिच्याकडे प्रथमच बघितले. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, “बेटा, वापरून चित्राचं काय कमी होतं? कला सगळ्यांची असते.” त्याच माणसाचे दिवाणखान्यातले बोलणे मी जानेवारीत ऐकले होते. मी त्याची आठवण करून दिली नाही. त्यांना ते स्वतः बोलल्याचे आठवत होतेच, पण चित्राशी त्याचा संबंध आहे असे वाटत नव्हते. हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते.

शेवटी ठरले की मंडळ कंपनीला कळवेल. मजकूर वकीलसाहेब तयार करतील. टीचर म्हणाली, मला आधी दाखवा. “दाखवू ना, फिकर नका करू,” वहिनी म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा आला. सीडी परत देण्याचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. जाताना काहींनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. एकीवर भाजीचा हिशेब लिहिलेला होता.

मजकूर तिला दाखवला गेला नाही. तो सरळ पुण्याला गेला. कंपनीच्या माणसाने तो तिला वाचून दाखवला आणि तिने मागितल्यावर पाठवलाही. मी तो वाचला आहे. त्यात लिहिले होते की संबंधित चित्रे मंडळाच्या सभासदांनी परस्पर सहकार्याने तयार व संस्कारित केलेली आहेत, त्यांचे वाटप सांस्कृतिक सद्भावनेने झालेले आहे, आणि एका सभासदाच्या गैरसमजाबद्दल मंडळाला खेद आहे. खाली वहिनींची सही, अध्यक्ष म्हणून. परवानगी हा शब्द त्यात नव्हता.

मी वहिनींना घरी जाऊन विचारले. त्या भाजी निवडत होत्या. “मी वाचला नाही गं तो कागद,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणाले सही कर, केली. आणि बघ, मी टिकली काढली, म्हणजे माझा पण हात लागलाच ना त्याला? ते काही खोटं नाही.” त्यांनी मेथीची जुडी उलटी केली. “तू पण तिच्यासाठी कशाला एवढी मागे लागतेस? तिला शाळा आहे, नोकरी आहे. या लोकांना सरकार काय कमी देतं?”

मी चहा न घेता निघाले. डबा अजून त्यांच्याकडेच होता. त्यातले टीचरचे शिक्के मी त्या दिवशी मागून घेतले. पायरीवरच्या बाईच्या शिक्क्याच्या लाकडी ठोकळ्यावर लाल शाईचा अंगठा उमटलेला होता. मी तो स्पिरिटने पुसला. लाकडात मुरलेला गेला नाही.

कंपनीने मार्चमध्ये कळवले. चित्रे इंटरनेटवर आहेत. त्यांच्या मालकीबद्दल दोन बाजू दिसतात. मुखपृष्ठाचे चित्र वेगळ्या रूपात लोकांपर्यंत पोहोचले आहे, आणि दुकानदार तेच रूप मागत आहेत. टिकलीसह काढायला कलाकाराची हरकत नसेल तर विचार करता येईल. भाषा सभ्य होती.

टीचरने हरकत आहे असे कळवले. वकील करावा का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “कोर्टात जाऊन काय सिद्ध करू? की ही माझी आई आहे?” मग म्हणाली, “आईला उभी करतील. चष्मा काढून नाक दाखवा म्हणतील.” तिने इंटरनेटवरच्या त्या पानाला दोनदा लिहिले. चित्र तिथून काढले गेले. काही आठवड्यांत ते दुसऱ्या पानावर दिसले. त्यावर आता कोणीतरी मंगळसूत्रही काढले होते.

तिने मंडळ सोडले. मीही सोडले. पुढच्या महिन्यात मंडळाचा निरोप आला की चित्रांबद्दलचा नियम वाचायची पद्धत बंद करण्यात येत आहे, कारण त्यामुळे सभासदांत कटुता येते.

जूनमध्ये नवे राज्य झाले. आमच्या पानांवर आठवडाभर दुसरे काही नव्हते. मी नामपल्लीला एका कामासाठी गेले तेव्हा शिक्क्यांच्या दुकानासमोर चपराशांची रांग होती. दुकानदाराने लांबूनच हात वर केला, आता नाही अशा अर्थाने.

टीचरने त्या वर्षी वेगळी चित्रे काढली. ती कोणाला दाखवली नाहीत. मलाही नाही. पुण्याच्या त्याच कंपनीला तिने ती थेट पाठवली, आणि कंपनीने पुढच्या वर्षी संच काढला. तो मी कोठीच्या एका दुकानात विकत घेतला. पाकिटावर तिचे पूर्ण नाव आहे. आत नव्याने काढलेली शेळी आहे, सुगरणीचा खोपा आहे, पाण्याचा टँकर आहे, दगडफूल आलेला खडक आहे. माणसाचे चित्र त्यात नाही.